चुलीपुढे चष्मा चालत नाही

माझी आई कुणाची आजी नाही. मला मूल नाही आणि भावाचं लग्न अजून जमायचंय. तरी मध्यंतरी काही महिने, खांब गावाजवळ हायवेवरच्या हॉटेलात जेवायला थांबणारं कुणीही तिला ‘आजी’ म्हणायचं, ओळखपाळख नसताना खांद्यावर हात टाकायचं आणि समोर फोन धरायचं. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

आई त्या हॉटेलात वर्षानुवर्षं तांदळाच्या भाकऱ्या करते. मागच्या किचनमध्ये, गॅसच्या शेगडीवर, अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आमच्याकडे कामावर जाणाऱ्या बाया अशाच दिसतात. उकड गरम असतानाच मळायची, परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटायची. यात नथीचं काही काम नसतं. जुन्या मालकाला ते कळत होतं. तो स्वतः गल्ल्यावर बनियनवर बसायचा.

तो थकला आणि पेणहून त्याचा मुलगा येऊन गल्ल्यावर बसायला लागला. कोलाडला राफ्टिंगला जाणारी मुंबईची मंडळी गाडी थांबवतील असं काहीतरी हॉटेलात पाहिजे, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. त्यानं दारातच चूल घातली. सिमेंटची, वरून मातीचा रंग मारलेली. आईसाठी नऊवारी आणली, तीही शिवलेली, मागे चेन असलेली, आणि सोबत चापाची नथ. आई आयुष्यात कधी नऊवारी नेसली नव्हती, लग्नातसुद्धा नाही. तरी ती बसली. पहिल्या रविवारी घरी येऊन तिनं मला नथ लावून दाखवली, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

मग त्याला आईचा चष्मा खुपायला लागला. चष्म्यामुळे फोटोत गावाकडची आजी वाटत नाही, शाळेतल्या बाई वाटतात, असं त्याचं म्हणणं. गावाकडच्या बायकांची नजर म्हातारपणी आपोआप सुधारते, अशी त्याची समजूत असावी. चुलीपुढे बसताना चष्मा काढायचा असं त्यानं ठरवलं, आणि हरवायला नको म्हणून तो गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धतही त्यानंच पाडली. आईच्या बोटांवर फोड दिसायला लागले. विचारलं की ती म्हणायची, वाफ लागली. इतकी वर्षं भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला आत्ताच वाफ कशी लागायला लागली, हे मी दोनदा विचारलं तेव्हा कुठे चष्म्याची गोष्ट बाहेर आली. मी भांडायला निघाले, तिनं हाताला धरून बसवलं. चार तासांचा तर प्रश्न आहे, म्हणाली.

एका रविवारी रोह्याला कंपनीत माझी शिफ्ट होती. मी घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आईचा पत्ता नव्हता. आमचं घर हायवेच्या पलीकडे, हॉटेलच्या जवळजवळ समोर. मी रस्त्यावर येऊन बघते तर आई मधल्या दुभाजकावर उभी, हातात डबा. दोन्ही बाजूंनी ट्रक जातायत आणि ती नुसती उभी. गाड्या चुकवत जाऊन मी तिचा हात धरला आणि अशी का उभी राहिलीस म्हणून विचारलं.

“उजेड दिसतो गो,” ती म्हणाली. “गाडी किती लांब हाय, तं कळत नाय.”

मालक दुपारीच ड्रॉवरला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून पेणला गेला होता. वेटरनं फोन लावला तर म्हणाला, उद्या देतो ना चष्मा, पळून जातोय का. आई अर्धा रस्ता आवाजाच्या अंदाजानं ओलांडून आली होती आणि उरलेला ओलांडायची तिची हिंमत होत नव्हती. किती वेळ उभी होती, ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

सकाळी तिला घेऊन मी गल्ल्यासमोर उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, त्यामुळे आवाज आपोआप चढला. मालक साळसूदपणे म्हणाला की ताई, तुमच्या आईला आम्ही घरच्यासारखंच मानतो.

“तुमच्या घरी आईचा चष्मा कुलपात ठेवतात?” मी विचारलं.

जेवणारी माणसं बघायला लागली तसा त्यानं ड्रॉवर उघडला, चष्मा काढला, वर फडक्यानं पुसूनही दिला. मग हळूच म्हणाला, चष्माच घालायचा असेल तर त्यांना मागे बसू दे, पुढे मी दुसरी बाई बघतो. नोकरी ठेवा तुमच्याकडेच, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी आईकडे वळले, तर ती चष्मा लावून केव्हाच किचनमध्ये गेली होती.

आता दारातल्या चुलीपुढे निडी गावची एक बाई बसते. तिला भाकरी जमत नाही. तिनं एकच गोळा दिवसभर थापायचा, एवढंच तिचं काम. खरी भाकरी मागून, आईच्या गॅसवरून, टोपलीत झाकून येते. गिऱ्हाइकं तुकडा मोडतात आणि चुलीची चव ती चुलीची चव, असं म्हणून मान डोलावतात.

आणि गेटवर माणसाएवढा बोर्ड आहे, त्यावर माझी आई. नऊवारी, नथ, डोळ्यांवर चष्मा नाही. तो काढा म्हणून मी पुन्हा भांडणार होते, पण आईनंच अडवलं. “ऱ्हाऊ दे. संध्याकाळचा रस्ता दिसतो ना मला, बास झालं.” तिचं बास झालं असेल, माझं झालेलं नाही. कामावरून सुटलेल्या बाईला घरी जाताना रस्ता दिसावा, यासाठी भांडावं लागतं, हे मला गिळता येत नाही.

परवा बोर्डासमोर गाडी लावून एक बाई नवऱ्याला सांगत होती, बघ, आजी किती गोड हसतायत. मी तिथंच बसची वाट बघत उभी होते. हसत नाहीये हो ती, मी म्हटलं. कॅमेरा कुठे आहे ते दिसत नव्हतं तिला, म्हणून डोळे बारीक केलेत.