तलाव म्हणजे काय?

देशाची घटना नवीकोरी होती. आमचे वकीलसाहेब रविवारी उमेळे गावात आपल्या ओटीवर आम्हा विद्यार्थ्यांना ती शिकवत. सुपारी कातरत एकेका शब्दावर तासभर अडून बसत. "शब्द वाचलात. आता तो कशासाठी आलाय ते सांगा!" मला तर वैताग यायचा.

एकदा गावचे पाटील तणतणत आले. गावाचं बावखल, म्हणजे बागांमधलं खणलेलं तळं. त्यावर महारवाड्यातल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या आणि पाटलांनी त्यांना अडवलं होतं.

"जातीवरनं कुठं अडवायचं न्हाई, त्यात घटनेत विहीर हाय, तलाव हाय. बावखल कुठं हाय, वकीलसाहेब?"

साहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "बावखल कोरडं असतं, तर अडवलं असतंत?"

"कोरड्याला कोन इचारतो? भांडन पान्याचं हाय!"

"मग कायदाही पाण्याचाच आहे, पाटील."

साहेब तसेच अनवाणी बावखलावर गेले, मागोमाग आम्ही. "बाई, भरा," ते एवढंच म्हणाले. पहिला हंडा बुडाला, भरला, डोक्यावर चढला. मग रांगच लागली.

पुढच्या रविवारी सुपारी कातरत त्यांनी विचारलं, "तलाव म्हणजे काय?"

सगळी ओटी एका आवाजात ओरडली, "बावखल!"