सुंदरीचा पान्हा आणि माझा सबवूफर

"डायलॉगच कळत न्हाईत, साहेब. नुसतं धडामधुडूम ऐकू येतंय."

उचगावच्या मारुतीचा हा तिसरा फोन. तीन आठवड्यांपूर्वी साउंडबार मीच त्याला निवडून दिला होता आणि घरी जाऊन बसवलाही मीच होता. माझं डोकं फिरलं. बेळगावातल्या एका शोरूममध्ये मी एकवीस वर्षं टीव्ही आणि साउंड विकतोय. मला कोणी आवाज शिकवू नये, असा माझा तोरा होता. तरी संध्याकाळी स्कूटर काढली.

ओट्यावर मारुतीची आई बसली होती. गाव तिला आक्का म्हणतं. पुढ्यात दुधाची रिकामी चरवी, डोळे सुजलेले.

"काय झालं, आक्का?"

"उद्या दलाल येतोय. सुंदरीला नेणार."

सुंदरी म्हणजे तिची म्हैस. इवलीशी वगार असल्यापासून आक्कानं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली.

"सकाळी नीट देती. सांजच्याला पान्हाच चोरत्या. रेडकू लावून बघितलं, आंबोणाचा खुराक वाढवला. डॉक्टर म्हणाला, रोग काय न्हाय. ती शेजारीण तुमचा बाजा बघायला आलती, तवा माझ्या म्हशीकडं लई वेळ बघत हुती. तवापासनंच हे. दृष्ट काढून दमले बघा."

मी मान हलवली. म्हैस काही माझ्या खात्यातली नव्हती. मी आत गेलो.

मारुती शोरूममध्ये आला, तेव्हा त्यानं एवढंच मागितलं होतं, "बोलणं नीट कळाय पायजे." त्याला टीव्हीखालची एक साधी पट्टी पुरली असती. मी त्याला टू पॉइंट वन दिला. यातला 'टू' म्हणजे टीव्हीखालच्या पट्टीतला डावा आणि उजवा आवाज. 'पॉइंट वन' म्हणजे जमिनीवर ठेवायची वेगळी पेटी, तोच सबवूफर. तो फक्त खालचा, घुमणारा आवाज काढतो. बोलणं समजायला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण डेमो रूममध्ये एखादा स्फोट वाजवला की गिऱ्हाईक सोफ्यावरून उठतं, हे मला पक्कं ठाऊक. मारुतीही उठला होता. बसवताना मी पेटी मुद्दाम कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्यात दोन भिंती मिळतात आणि दणका आपोआप वाढतो. त्या वेळी भिंतीपलीकडून रवंथ केल्याचा आवाज येत होता. मी चक्क हसलो होतो.

मारुतीनं मालिका लावली. बोलणं खरंच दबत होतं. त्यानं सवयीनं आवाज वाढवला. बोलणं थोडं वाढलं, दणका त्याहून वाढला.

मागच्या गोठ्यातून आक्का ओरडली, "बघा, बघा! परत बिथरली!"

मी गोठ्यात धावलो. सुंदरी दाव्याला हिसके देत होती. कान ताठ, कातडी थरथरतेय, पाय एका जागी ठरत नाहीत. मी बाजूला सरकलो आणि आधारासाठी भिंतीवर हात टेकला.

हात झटकन मागे घेतला. भिंत थरथरत होती. पलीकडे माझ्याच पेटीचा कोपरा होता!

मारुती संध्याकाळी ड्युटीवरून येतो, टीव्ही लावतो आणि त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे आक्का धारेला बसते. तीन आठवडे रोज.

"आक्का, मधे एखाद्या सांजच्याला नीट दिली होती का?"

"मंगळवारी दिली की, चरवी भरून. तवा करंट गेलता."

मी मटकन गव्हाणीच्या कडेवर बसलो. उद्या एक धडधाकट म्हैस बाजारात जाणार होती, आणि तिचा रोग मी पावती फाडून घरात आणून ठेवला होता.

"मारुती, पेटीची वायर काढ!"

"पण साहेब, मग दणका..."

"काढ म्हणतो ना!"

पेटी बंद झाली. पट्टीतून बाईचं बोलणं आता स्वच्छ ऐकू यायला लागलं. आक्कानं कास धुतली, रेडकू लावलं, पुन्हा बसली. बराच वेळ काहीच नाही. सुंदरीचे कान हळूहळू खाली आले. आणि मग चरवीत धार वाजली.



"आक्का," मी म्हणालो, "दृष्ट शेजारणीची नव्हती. माझी होती."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त मारुतीला सांगितलं, "दलालाला फोन लाव. येऊ नको म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मालकांपुढे उभा राहिलो.

"उघडलेला पीस परत? रिटर्न फॉर्मवर कारण काय लिहू?"

"म्हैस."

"शुद्धीवर हाईस न्हवं?"

मी सगळं सांगितलं. मालक मूळचे सदलग्याचे, घरी चार म्हशी. ऐकता ऐकता ते खुर्चीतून उठलेच.

"अरं, धारेच्या वेळेला आमच्यात कुणी मोठ्यानं खोकत सुद्धा न्हाई! आणि तू तिथं वूफर ठेवलास?"

मी पडलो शहरातला. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं. एकवीस वर्षांत किती जणांच्या भिंतीला पेट्या टेकवल्या, त्याचा हिशेब मनात लागेना. मालकांनी फॉर्मवर खरोखरच 'म्हैस' लिहिलं आणि सही केली.

तेव्हापासून कोणी साउंडबार मागितला की वॉट मी शेवटी सांगतो. पहिला प्रश्न, "भिंतीपलीकडे कोण राहतं?" लोक चमकून बघतात. अर्ध्या जणांना आठवावं लागतं.

मारुतीकडे साधी पट्टी बसवायला पुन्हा मीच गेलो. आक्कानं चहा दिला, बिनपाण्याच्या दुधाचा. पण मी पिशवीतून ड्रिल काढलं मात्र, ती उठली, गोठ्यात गेली आणि सुंदरीला सोडून पार घरामागच्या परड्याच्या टोकाला बांधून आली.