एकट्याच्या खिचडीचं माप

ये, अशी जवळ बस. दर वेळी घाईत येतेस आणि न जेवता पळतेस, शोभतं का हे? मुगाची डाळ भाजल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. स्वतःच्या बोटीतून एकट्याने समुद्र ओलांडायचा म्हणून तुझे काका हॉलभर शीड पसरून टाके घालत होते. "आधी कात्रजच्या तळ्यात तरंगून दाखवा," मी म्हटलं. हसले नाहीत. "अगं, एकट्याला खिचडी किती लावायची?" लग्नापासून दोघांचीच लावलेली, मला सांगताच येईना. शेवटी मूठभर तांदूळ त्यांच्या हातावर ठेवले. "एवढेच?" म्हणाले. रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही. मी नुसती डाळ परतत राहिले. समुद्रावरून ते परत आले नाहीत. आता एकटीपुरती खिचडी अगदी बरोबर लागते. पुढच्या खेपेला लवकर ये गं, जेवायलाच ये. माझं माप चुकू दे.