रुसवा दोन मिनिटांत मिटला

आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात एक विधी असतो. तो पत्रिकेत छापत नाहीत, पण हळदीइतकाच ठरलेला असतो. थोरले भाऊजी रुसतात. माझ्या लग्नात त्यांचे पाय धुण्यासाठी तांब्याऐवजी प्लास्टिकचा मग आला, म्हणून ते बसस्टँडवर जाऊन बसले होते. धाकट्या भावाच्या लग्नात माइकवरून त्यांचे नाव घ्यायचे राहिले. एका वास्तूला तर कारणच सापडले नाही, म्हणून ते रुसले. मग मी जायचे, हात जोडायचे, तीनदा 'चुकलो' म्हणायचे आणि त्यांना घेऊन यायचे. पंचवीस वर्षे हे काम माझ्याकडे होते.

यंदा माझ्या लेकीचे लग्न होते आणि मी नुकताच बुलढाण्याहून दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलो होतो. आम्हा प्राध्यापकांना एआय एजंट कसे तयार करायचे ते तिथे शिकवले. शिकवणारा म्हणाला, "एका एजंटला एकच काम द्या. तो कोण आहे ते सांगा, काय ठरवायचा अधिकार आहे ते सांगा आणि बाजूला व्हा." त्यातले 'बाजूला व्हा' मला फार आवडले.

मी आमच्या देऊळघाटात दरवर्षी गणपतीत नाटक बसवतो. पात्रे वाटणे हा माझा जुना छंद. मी लगेच तीन एजंट उभे केले. एक पत्रिकेचा, एक आचाऱ्याशी बोलणारा आणि एक मंडप-बिछायतीचा. पत्रिकेवाल्याला लिहिले, 'तू पन्नाशीचा, गंभीर, पान न खाणारा गृहस्थ आहेस.'

"पान खात नाई, हे त्याले सांगाची काय गरज?" बायकोने विचारले.

"त्यानं पात्र उभं राह्यते."

"पात्र उभं राह्यते, अन् तुम्ही बसून राह्यता," ती म्हणाली आणि आत गेली.

बिछायतीचा एजंट इतका सुसंस्कृत निघाला की हा गोड बोलणारा माणूस आहे तरी कोण, हे बघायला मंडपवाला स्वतः घरी आला. मी मोबाइल दाखवला. त्याने मोबाइललाच नमस्कार केला आणि सतरंज्या धुऊन देण्याचे कबूल केले.

घोळ केला तो पत्रिकेवाल्याने. कोणाचा मान मोठा हे मी त्याला सांगितलेच नव्हते. त्याने निमंत्रकांची नावे अ पासून ज्ञ पर्यंत लावली. थोरल्या भाऊजींचे नाव 'व' पासून सुरू होते. ते गेले तळाला. त्यांच्या वर धाकटे जावई, आणि त्यांच्याही वर एक भाचा, ज्याला अजून दात आले नव्हते.

पत्रिका दुसरबीडला भाऊजींच्या घरी पोचली त्याच दिवशी ताईचा फोन आला.

"भाऊ, ते येत नाई म्हणतात. अन् ते नसतीन तर मीही येत नाई."

"ताई, पोरीले पहिली हळद तूच लावणार ना?"

"मले काय लावू वाटत नाई? पण त्याहिले घरी सोडून कशी येऊ? तू ये अन् ने त्याहिले."

ताईने माझ्या लेकीला जन्मल्यापासून अंगाखांद्यावर खेळवले आहे. तिच्याशिवाय हळद म्हणजे माझ्या दृष्टीने नुसता भाजीतला मसाला. पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात होता, आणि मला आयतेच सुचले, चौथा एजंट!

त्याला मी भाऊजींच्या पंचवीस वर्षांच्या रुसव्यांचा इतिहास दिला. भूमिका लिहिली, 'तू नम्र साळा आहेस.' आणि शेवटी मोठ्या दिलाने, 'समेटाचे पूर्ण अधिकार. मला विचारायची गरज नाही.'

आता माझा दुसरा मूर्खपणा सांगतो. प्रशिक्षणाहून परतताना ऐट म्हणून मी भाऊजींच्या मोबाइलवरही एक एजंट बसवून दिला होता, आलेल्या निरोपांना उत्तर द्यायला. माझ्या नम्र साळ्याचा पहिला निरोप गेला तसे भाऊजींनी आपल्या एजंटला फर्मावले, 'मी रुसलो आहे. मान सोडू नको.' आणि ते अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ओसरीवर माझी वाट बघत बसले.

दोन्ही एजंटांनी दोन मिनिटांत मिटवले. आम्हा दोघांना एकाच वेळी करारनामा आला. कलम एक, भाऊजींना दोन फेटे. कलम दोन, सदर रुसवा पूर्ण झाला असे समजावे. कलम तीन, यापुढे प्रत्येक कार्यात जास्तीत जास्त दोन रुसवे, प्रत्येकी अर्धा तास. न वापरलेले रुसवे पुढच्या कार्यात वापरता येतील.

मी खुशीत टाळी वाजवली. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "आता ते खरोखर रुसले. जेवले नाई. परवा हळद हाये, तू पाहून घे."

उत्तरपत्रिका तशाच टाकून मी गाडी काढली. दुसरबीडला भाऊजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"भाऊजी, चुकलो."

"कशाला? मी कुठं रुसलो?" ते भिंतीलाच म्हणाले. "कलम दोन वाचा. माझा रुसवा झाला. मला पत्ताबी नाही, अन् झाला!"

"मग चला ना."

"असं कसं चालू? सकाळपासून तयार बसलो. गल्लीतल्या चार जणांना सांगून ठेवलं, साळा येऊन राह्यला म्हणून. अन् आलं काय, तर कलमं!"

"करार मोडून टाकू, भाऊजी."

मी माझ्या एजंटला तसे कळवले. त्याने उत्तर दिले की समोरच्या पक्षाशी अत्यंत सौहार्दाचे संबंध जुळले आहेत, तरी कृपया पुनर्विचार व्हावा. भाऊजींच्या मोबाइलवर त्यांच्या एजंटने माझ्या एजंटचे आभार मानले होते. त्याला माझ्या एजंटने 'आपला मोठेपणा' असे उत्तर दिले होते.

"पाह्यलं?" भाऊजी कळवळून म्हणाले. "त्यांचा मानपान चालू आहे!"

आतून ताई आली. तिने दोन्ही मोबाइल उचलले, ज्वारीच्या कोठीत टाकले आणि वर झाकण लावले.

"आता दोघंही पहिल्यापासून करा," ती म्हणाली. "अन् लवकर करा."

मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेलो आणि तिथूनच हात जोडून निघालो. भाऊजींनी कॉलर नीट केली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. सांगून ठेवलेले चौघे आले, त्यांच्यामागे आणखी दहा. पहिल्या 'चुकलो'ला भाऊजी हलले नाहीत. दुसऱ्याला ते म्हणाले, "दात नसलेल्या पोराच्या खाली मी?" त्यांनी पत्रिका माझ्या हातात दिली. सगळ्यांसमोर, त्यांचे नाव आधी घेऊन, मला निमंत्रकांची पूर्ण यादी मोठ्याने वाचावी लागली.

"ऐकू नाही आलं मागच्याला," भाऊजी म्हणाले.

मी पुन्हा वाचली, शाहिरासारखा हात वर करून. एका म्हातारबाने 'वा!' म्हटले. तिसऱ्या 'चुकलो'ला भाऊजी भिंतीकडून माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे खरेच भरले होते. आणि कोणी विचारू नये, माझेही.

"साळेबुवा," ते डोळे पुसत म्हणाले, "दमला असाल. पाणी घ्या."

मी पाणी पीत असतानाच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ताई पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली होती.

"काऊन थांबले आता? चला!" ती ओरडली. "मले पोरीची हळद भिजवाची हाये!"

भाऊजी मागच्या सीटकडे बघत क्षणभर थबकले. पुढची सीट मानाची. मी गाडीचे दार धरून जिवाच्या आकांताने देवाचा धावा केला. त्यांनी एकदा ताईच्या तोंडाकडे पाहिले आणि गुपचूप मागे बसले.