दहा पॉइंटांचा चॅम्पियन

"बाबा, हे पाच चॅम्पियन म्हणजे शोभेची बाहुली, त्यांना यादीतून काढा, नाहीतर स्पर्धेत एकटे खेळा!"

"शोभेची? अगं, त्यांच्या भुवया रंगवायला तीन आठवडे घातलेत मी!"

"भुवयांना पॉइंट मिळत नाहीत."

जेवणाच्या टेबलावर फासे टाकून खेळायच्या लढाईतल्या बोटाएवढ्या सैनिकांच्या पाच तुकड्या उभ्या होत्या, प्रत्येकीत एक चॅम्पियन, आणि आई दुपारच्या जेवणाची ताटं हातात घेऊन जागा शोधत होती. कारखान्यात तिला सगळे चाळीसबाई म्हणत. बॅटरीचे सेल तपासण्याचं तिचं काम. प्रत्येक खेपेतले चाळीस स्वतः तपासल्याशिवाय ती शिक्का मारत नसे, मग मॅनेजर डोक्यावर येऊन बसला तरी. तिचा नवरा दिवसभर कवळ्या घडवायचा आणि सुट्टीत त्याच नजरेने हे सैनिक रंगवायचा. गेली चार वर्षं बापलेक जोडीने खेळत होते. यंदा लेक हट्टाला पेटली होती. ठरलेल्या पॉइंटांत बसवलेली सैन्याची यादी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची होती, आणि लेक नसेल तर हा गृहस्थ स्पर्धेकडे फिरकणारही नाही, हे त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावरून आईला दिसत होतं.

"हा चॅम्पियन करतो तरी काय?" तिने विचारलं.

"साध्या शिपायापेक्षा एक वार जास्त," लेक म्हणाली. "त्यासाठी दहा पॉइंट खर्च. पाच तुकड्यांचे पन्नास. तेवढ्यात दहा तिरंदाज येतात, आई!"

"आणि शत्रूच्या सरदाराने द्वंद्वाला ललकारलं, की हा पुढे होतो," बाप पुटपुटला.

"पुढे होतो आणि मरतो."

"किती वेळा?" आईने विचारलं.

 दोघं इतकं भांडले, पण मोजलं कुणीच नव्हतं.

आईने ताटं ओट्यावर ठेवली आणि वही ओढली. "मांडा. तीच लढाई चाळीसदा त्याच्यासकट, चाळीसदा त्याच्याशिवाय."

"आणि जेवण?"

"ते काही पळून जात नाही. कुठली तुकडी घ्यायची?"

"आपला जादूगार जिच्यात उभा असतो ती," बाप घाईने म्हणाला.

फासे खडखडत राहिले. बापाने फेकायचे, लेकीने सैनिक हलवायचे, आईने लिहायचं. मध्येच फासा फ्रिजखाली गेला, तो झाडूने काढला. भाजी गार झाली. शेवटी लेकीने वही हिसकावली.

"बघा! जादा वाराने चाळीस लढायांत सात बळी. फक्त सात!"

"ठकूबाई, तू मेलेले मोजलेस. वाचलेले मोज ना," आई म्हणाली.

लेकीचं बोट शेजारच्या रकान्यावरून खाली गेलं आणि थांबलं. चॅम्पियन असताना जादूगार एकतीस वेळा वाचला होता. नसताना त्याला स्वतःलाच द्वंद्वाला उतरावं लागे. तेव्हा तेराच वेळा.

बापाची छाती फुगली. "सांगत नव्हतो मी?"

"नव्हता सांगत. भुवयांचं सांगत होता," आई म्हणाली. "बाकीच्या चार तुकड्यांत जादूगार आहे?"

"नाही."

"मग तिथे हा कुणासाठी मरतो?"

बापाने एका चॅम्पियनला उचलून उजेडात धरलं. "पण याची मिशी काय जमलीय बघ..."

"मिशी साध्या शिपायालाही शोभते."

लेक खुदकन हसली, मग तोही. आई मात्र हसली नाही. तिने लेकीचा फोन घेतला, चष्मा वर सरकवून सगळं टाइप केलं, एकदा वाचलं आणि बटण दाबलं.

"यादी पाठवलीय. जादूगाराचा चॅम्पियन राहिलाय, बाकीचे चौघे शिपाई झालेत, आठ तिरंदाज वाढलेत. खाली नावं दोघांचीही घातलीत."