खळ्यातली खुर्ची

माझे भाऊजी देवमन खोटं बोलायचे, आणि इतकं मन लावून बोलायचे की ऐकणाऱ्याला खरं बोलणाऱ्या माणसांची कीव यावी. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली बोळ, वर टिनाचं छप्पर आणि खाली मोडक्या खुर्च्या-टेबलांची रांग. कचेरीच्या लिलावातलं, भंगारवाल्याकडचं, कुणी उकिरड्यावर टाकलेलं लाकडी सामान ते उचलून आणत. जुना रंग खरवडत, सरसात लाकडाचा भुसा कालवून भोकं बुजवत, ढिले पाय ठोकत, बैठकीचा वेत नव्यानं विणत आणि वरून चपड्याचं पॉलिश असं चढवत की लाकडात तोंड दिसावं. इथवर सगळं प्रामाणिक होतं. गिऱ्हाईक दारात आलं की बिघडायचं.

गिऱ्हाइकानं नुसता हात लावायचा अवकाश, भाऊजी त्या वस्तूचं खानदान सांगायला लागत. “हा टेबल? हा अमरावतीच्या गोऱ्या साहेबाचा. साहेबाची मडम याच्यावर पियानोचे कागद ठेवे.” खरं म्हणजे तो टेबल टांगा स्टँडजवळच्या भजेवाल्याचा होता. मला कसं ठाऊक? तो मीच घेतला होता. मी शाळामास्तर, बायकोचा भाऊ नव्हे तर बहिणीचा नवरा म्हणून मोठ्या विश्वासानं घेतला. पावसाळा लागला तसा पॉलिशखालून तळणाचा वास सुटला. पोरांच्या वह्या तपासायला बसलो की मला भलतीच भूक लागायची आणि मी मार्क सढळ हातानं द्यायचो. वर्गाचा निकाल त्या वर्षी फार चांगला लागला. भाऊजींना जाब विचारला तर म्हणाले, “धर्मपाल, मडम भजे खात नसंन काय?”

माझी बहीण वच्छला कपाळाला हात लावून म्हणायची, “लाकूड बोलत नाई म्हनून यायचं फावते.”

अख्ख्या जुन्या शहराला खुर्चीवर बसवणाऱ्या या माणसाला आपल्या आईला मात्र खुर्चीवर बसवता येत नव्हतं. जाईबाई, त्यांची माय, काटक आणि तोंडानं तिखट. घर खुर्च्यांनी इतकं भरलेलं की आडवं होऊन चालावं लागे, आणि ही आपली उंबऱ्याशी जमिनीवर, पाय लांब करून.

“माय, वर बस ना वं.”

“मले अठीच बरं लागते.”

हा संवाद रोजचा. भाऊजी तो हसण्यावारी नेत, पण एकदा माझ्यापाशी बोलले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागला. गावी खुशालराव पाटलांच्या खळ्यात जाईबाईनं ज्वारीची कणसं खुडण्यात उभी उमर घालवली. पाटील खळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे. आमच्या माणसांनी त्या खुर्चीला शिवायचं नाही, तिच्या अंगावर सावली पडू द्यायची नाही. “आपन दीक्षा घेतली, धम्मात आलो, गाव सोडलं,” भाऊजी म्हणाले, “पन थे खुर्ची मायच्या मनातून गेली नाई, धर्मपाल. थे अजून पाटलाले भेऊन राह्यली.” त्या वेळी ते खोटं बोलत नव्हते. मला तरी तसंच वाटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना टेबल माफ केला.

पुढे एका उन्हाळ्यात पुंजाराम भंगारवाल्यानं हातगाडीवरून एक खुर्ची आणून दुकानात आदळली. पाठ दुभंगलेली, वेत फाटून लोंबत असलेला, हातांवर कोंबड्यांनी आपापली कामगिरी करून ठेवलेली. खुशालराव वारले होते आणि त्यांचा मुलगा सूर्यभान यानं जठारपेठेत नवं घर बांधून त्यात लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या आणल्या होत्या. गोठ्यातलं जुनं सामान त्यानं पुंजारामला झाडून देऊन टाकलं. भाऊजींनी पाठीवरची घाण ओल्या फडक्यानं पुसली. खालून कोरलेला मोर निघाला, आणि त्यांनी ओळखायचं ते ओळखलं. लहानपणी बांधावर उभं राहून त्यांनी हाच मोर लांबून पाहिला होता.

त्या दिवसापासून दुकानात शांतता पसरली. भाऊजी गिऱ्हाइकांना चक्क खरं सांगू लागले. “हा पलंग कोनाचा?” “कोनाचा का असंना, ढेकूण काढले याचे.” वच्छलाला वाटलं, नवऱ्याला ताप भरला. पण ते सगळं खोटं बोलायचं बळ त्या खुर्चीत ओतत होते. मोराच्या पिसापिसातला जुना रंग त्यांनी खिळ्याच्या टोकानं काढला. पॉलिशचा हात चढवायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं. आम्हा सगळ्यांना बेत सांगून झाला होता. वैशाख पौर्णिमेला घरासमोर मांडव टाकायचा, गावची जुनी माणसं बोलवायची, बुद्धवंदना झाली की सर्वांदेखत मायला या खुर्चीवर बसवायचं. “तिच्या जिवातलं भेव त्या दिवशी निघालं तं निघालं,” ते म्हणाले. “नाई तं माहा हा धंदा कोन्या कामाचा?”

आणि नेमका सूर्यभान पाटील दुकानात आला. नव्या घराला शोभेलशी एखादी जुन्या घाटाची खुर्ची त्याला हवी होती. लोखंडी नळ्यांवर पाहुणे बसत, पण मान राखून बसत नसत म्हणे. मी तिथेच होतो. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ मोरावर बोट ठेवलं.

“हे कोन्या घरची?”

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर वस्तूंना खोटी घराणी चिकटवली, आणि आज खरं घराणं समोर उभं राहून आपलाच पत्ता विचारत होतं. “लय मोठ्या घरची हाय, पाटीलसाहेब,” ते म्हणाले.

“दिसतेच. असी खुर्ची आमच्या बाबांच्या टायमाले आमच्याकडं पायजे होती!” सूर्यभान म्हणाला. “देऊन टाका.”

“गेली थे. एका बाईची हाय.”

“त्या बाईले दुसरी द्या. मागसान थे देतो.”

मला वाटलं, आता भाऊजी डळमळतात. घराचं छप्पर गळत होतं, वच्छला रोज त्याच्या नावानं बोलत होती. पण ते खुर्चीपुढे उभे राहिले. “थ्या बाईनं लय वाट पाह्यली, साहेब,” असं म्हणून त्यांनी सूर्यभानला भलताच एक आरामखुर्चीचा सांगाडा दाखवला आणि तो हैद्राबादच्या नवाबाच्या मेहुण्याचा आहे असं सांगून गळ्यात मारला. गाडी रुळावर आली म्हणून मला बरं वाटलं.

पौर्णिमेला मांडव भरला. गावाहून म्हाताऱ्या आल्या, त्यांत जाईबाईची जुनी जोडीदारीण भागीरथा काठी टेकत आली. वंदना झाली. भाऊजींनी खुर्ची आणून मधोमध ठेवली. माय घाबरली तर हात धरायला मी एका बाजूला, वच्छला दुसऱ्या बाजूला, अशी तयारी होती. जाईबाईला हाक मारली. ती आली, खुर्चीकडे एकवार पाहिलं, मोरावरून बोट फिरवलं आणि कुणाचाही हात न धरता बसली. मागं चाचपलं नाही, की कडेवर टेकली नाही. पाठ टेकून, खुर्चीच्या हातांवर हात टाकून, डावा पाय वर घेऊन, आपल्या घरच्या ओट्यावर बसावं तशी बसली.

भाऊजींना हे दिसलंच नाही. त्यांचे डोळे आधीच भरून आले होते. ते लोकांकडे वळून बोलायला लागले, “लोकहो, या खुर्चीले माह्या मायनं जन्मात हात लावला नाई. कोनं लावू देल्ला नाई. आज पयल्यांदा...”

म्हाताऱ्यांच्या घोळक्यात कुणीतरी खुसकन हसलं. भागीरथेनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

“हसता काहून?” भाऊजी चिडले.

“हसू दे तिले,” जाईबाई खुर्चीतून म्हणाली. “तू आज वंदनेच्या दिवशी बी खोटं बोलून राह्यला.”

“मी?”

“नाई तं कोन? अरे, पाटील दुपारचा जेवाले घरी जाये. जेवला का झोपे. बैल पान्यावर, गडी बैलामागं. खळ्यात मंग कोन? आमीच बाया. आमी पाळीपाळीनं बसो.”

“खुर्चीत?”

“नाई तं का ज्वारीच्या ढिगावर? हे भागीरथा तं घोरे.”

“आन् कोनं पाह्यलं असतं तं?”

“एक जन रस्त्यावर नजर ठेवे. पाटलाचं पागोटं दिसलं का उठो, पदरानं पुसून ठेवो. पाटील म्हने, साऱ्या खळ्यात धूळ हाय, माह्या खुर्चीवर काहून बसत नाई?”

मांडवात हसण्याचा असा लोट उठला की बांबू हलले. भाऊजी मात्र रडकुंडीला आले. “मंग माह्या घरी कवाच काहून नाई बसली?”

“तुह्या खुर्च्यायचा रंग कवा वाळलेला रायते, बापू? एक डाव बसली होती तं नवं लुगडं चिकटलं. बोंबलून सांगू का? तुहा धंदा बसला असता.”

भाऊजी मटकन खाली बसले, तिच्या पायापाशी जमिनीवर. इतकी वर्षं मायसाठी पोसलेली कीव आता न्यायची कुठं, हे त्यांना कळेना. मलाही कळेना. आम्ही दोघं शिकलेले-सवरलेले पुरुष तिच्या भीतीवर हळहळत बसलो होतो, आणि ती बाई आमच्या जन्माआधीच तिथं पाय वर घेऊन बसून आली होती. भाऊजी आधी रडले, मग हसायला लागले, मग दोन्ही एकदम. माझ्या मनात त्या म्हातारीबद्दल अभिमान दाटला.

तेवढ्यात भागीरथा काठी टेकत घोळक्यातून पुढे आली आणि खुर्चीपाशी उभी राहिली.

“उठ वं जाई,” ती म्हणाली. “लय येळ झाला. आता माही पाळी.”

जाईबाईनं सवयीनं आधी रस्त्याकडे पाहिलं, आणि मग ती उठली.