येड्यांच्या आळीतली चंद्रा

त्या दिवशी मांडवात आमचे मालक व्हते, ल्योक दत्ता, सून मंगल, जिचा साखरपुडा ती नात सविता, आंबी गावचे सोयरे, त्येंच्यातली नवऱ्यामुलाची आत्या, मी आन माजी ननंद चंद्रा. एवडी मानसं व्हती, पर चंद्राला काय झालं ते मला एकटीलाच दिसलं.

चंद्रा मालकांची धाकटी भन. नवऱ्यानं टाकली तवा आमच्या गावी वडिवळ्याला माघारी आली, पर भावाच्या जिवावर ऱ्हायली न्हाई. लोनावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला एक आळी व्हती. जुने पत्र्याचे बंगले. त्यात मुंबईची चित्रं काढनारी, गानारी, नाटकवाली मानसं भाड्यानं ऱ्हायची. बापय केस वाढवायचे, बाया बिड्या वडायच्या, कोन कुनाची लग्नाची ते इचारायची सोय न्हवती. बाजारातल्यांनी नाव ठिवलं, येड्यांची आळी. त्येंनी राग न्हाई धरला. त्येच नाव फळीवर रंगवून जांभळाला ठोकलं.

चंद्रा तितं भांडी घासाया गेली. चित्रं काढनारी एक बाई तिला म्हनली, "भांडी ऱ्हाऊ दे, माज्याम्होरं बस." तवापासनं तिचं त्येच काम. सकाळधरनं स्टुलावर बसायचं, हलायचं न्हाई. मी म्हनलं, "बसायचं काय काम असतंय व्हय?" तर म्हनली, "तू बसून बग की वैनी. माशी नाकावर आली तरी तिला पावनी म्हनायचं." हनुवटीवर गोंदन, डाव्या भुवईत इळ्याचा वन, आन मान ताठ. लोकं खवचटपनी इचारायची, अंगावर कापड असतं का गं? ती म्हनायची, "कदी असतं, कदी नसतं. मी तीच असते."

मालकांनी तिचं नाव टाकलं. पुडं पाय मोडून ते खाटंवर पडले, भाताचं खाचर पडीक ऱ्हायलं, तवा चंद्रानंच आमचं घर चालवलं. तांदूळ, तेल, पोरांची कापडं, समदं त्या बसायच्या कामातनं. तांदूळ गिळताना आमाला लाज वाटली न्हाई, काम कुटलं ते सांगताना वाटायची. गावात सांगायचो, ती तळेगावला दवाखान्यात आया हाय. तिच्या कानावर गेलं की ती चावडीवर मोठ्यांदा म्हनायची, "आया कोन? मी येड्यांच्या आळीतली. जांभळाखाली उबं ऱ्हावा आन चंद्रा म्हनून हाक मारा."

साखरपुड्याला सविता हट्टानं म्हनली, चंद्राआजी पायजेच. चंद्रा आली, मागं बसली. सोयरे लय कडक. साखरंचा पुडा द्यायच्या आदी ती आत्या चंद्राजवळ सरकली. "मावशी, तुमी कुटं असता?"

चंद्रानं तोंड उगाडलं. मंग माज्याकडं बगितलं. मी काय बोलले न्हवते, पर माजं तोंड काय म्हनत व्हतं ते तिला कळलं. तोंडं वाचनाऱ्यांच्यात तिचा जलम गेलता.

"तळेगावला," ती म्हनली. "दवाखान्यात आया व्हते."

"बरं बाई. चांगलं काम."

"व्हय," चंद्रा म्हनली, आन मान खाली घातली. दिसदिस न हलनारी तिची मान. मंग पुडा दिला.

कामशेतच्या जीपपातुर मी तिला सोडाया गेले. म्हनलं, "चंद्रा, कशाला गं खोटं बोललीस?"

"मंग काय करू? पोरीचं मोडलं असतं तर तुमीच मला खाल्लं असतं." जरा हसली. "जलमभर बसले वैनी, पर दुसरीचं तोंड लावून आजच बसले. लय जड गेलं बग."

जीप आली, तशी मी तिची पिशवी वर दिली.

पुडच्या थंडीत ती गेली. आमी पोचायच्या आत आळीतल्या म्हाताऱ्या गवयांनी आन चित्रकारांनी तिला खांदा दिलता. भाऊ असून मालक रस्त्याच्या कडंला परक्यावानी उबे. आता ती आळीबी न्हाई. बंगले पाडले, जांभूळ तोडलं, गेटावर विंग्रजी नाव हाय. रिक्षावाल्या पोरांना जुनं नाव ठावं न्हाई.

सविता परवा म्हनली, "चंद्राआजीचा फोटू दे, भितीला लावते." घरात एकबी न्हाई. साखरपुड्याच्या फोटूतबी आमी तिला घेतलं न्हाई. आन कुटल्या कुटल्या परक्या घरांत ती भितीवर बसलेली आसंल.

म्हनून वाचनाऱ्याला हात जोडून सांगते. तुमच्याकडं हनुवटीवर गोंदन, डाव्या भुवईत वन असलेल्या बाईचं चित्र आसंल, तर खाली तेवडं लिवा: चंद्रा, येड्यांची आळी, लोनावळा.